गडाचे पाणी, धरणाचे पाणी



'स्वयंपूर्ण' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. दुर्गम भागात कारखाना काढावयाचा तर तो स्वयंपूर्ण हवा; डोंगरातल्या वाडीला उजेड द्यावयाचा तर ती वाडी स्वयंपूर्ण करू, असे आपण नित्य ऐकतो. शब्दाला माझी हरकत नाही. परंतु कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणी 'आमच्याकडे सर्व काही आहे' असे म्हणाले, की तो विचारतो, आमच्याकडे म्हणजे कोणाकडे? कोठीत धान्य आहे, हे ठीक. पण कोठीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे?

हाच प्रश्न आज मी इतिहासाला विचारणार आहे. मी पंडित नाही. माझी शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाची गर्दी ओसरल्यावर वाचले. म्हणून उदाहरणे दूरची घेत नाही. पुण्याच्या नैर्ऋत्येस भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके आहेत. वेल्ह्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे. लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, तेच मी वापरतो. या मुलखात गेल्या पावणेचारशे वर्षांत पाणी धरून ठेवण्याचे दोन मोठे उद्योग झाले. एक डोंगराच्या माथ्यावर झाला, दुसरा डोंगराच्या पायथ्याशी. दोन्ही थोर कामे आहेत. परंतु एकाने जवळच्या माणसाला पाणी दिले आणि दुसऱ्याने लांबच्या. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम माथ्यावर चला. मावळात पाऊस उदंड. पण तो चार महिन्यांचा पाहुणा. जमीन कातळाची, उतार तीव्र. मृगात पडलेले पाणी आषाढात नदीला मिळते आणि शिमग्यानंतर हंडा घेऊन मैल मैल हिंडावे लागते. अशा मुलखात साडेचार हजार फूट उंचीवर शेकडो माणसे बारा महिने ठेवावयाची, तेथे नदी नाही, बाजार नाही, आणि खालच्या वाटा शत्रूने अडवल्या तर सुईसुद्धा वर यावयाची नाही. राजगड आणि तोरणा बांधणाऱ्यांपुढे हे कोडे होते. तोरणा शिवाजीमहाराजांच्या हाती आला तो १६४६-४७ च्या सुमारास. त्याच्या दुरुस्तीत सापडलेल्या द्रव्यातून समोरचा मुरुंबदेवाचा डोंगर बांधून काढला आणि त्याचा राजगड झाला, असे बखरी सांगतात. रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला. त्याआधी पाव शतकाच्या आसपास स्वराज्याचा कारभार या राजगडावरून चालला. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मध्ये उंच बालेकिल्ला. पद्मावती माचीवर मोठा तलाव, बालेकिल्ल्यावर चंद्रतळे, आणि ठिकठिकाणी कातळात खोदलेली टाकी.

या टाक्यांत पाथरवटाची अक्कल पाहण्यासारखी आहे. काळा कातळ सलग असला तर पाणी झिरपत नाही. म्हणून टाक्याला वेगळा गिलावा नको. टाके खोदताना जो दगड निघतो तो वाया जात नाही. तोच घडवून तटाला लावावयाचा. म्हणजे एका मजुरीत दोन कामे. पुष्कळ गडांवर टाक्यांची रांग दिसते. पहिल्यात गाळ बसतो आणि निवळलेले पाणी पुढच्यात जाते. काही टाकी कातळाच्या पोटात खांब राखून कोरलेली असतात; त्यांवर ऊन पडत नाही, म्हणून वैशाखातही पाणी कमी आटते. यांत परदेशातून आणलेले काहीच नाही. छिन्नी, हातोडा, लोहाराची भट्टी आणि कातळ ओळखणारी नजर, एवढेच भांडवल.

परंतु टाके खोदणे हा कामाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग कसा करीत, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त वाचावयास मिळते. हा ग्रंथ १७१५-१६ च्या सुमाराचा, म्हणजे शिवकाळ जवळून पाहिलेल्या माणसाचा. त्यात गडाच्या पाण्याविषयी जे सांगितले आहे त्याचा मथितार्थ असा : आधी पाणी पाहावे, मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर प्रथम खडक फोडून पुढच्या पावसापर्यंत पुरतील एवढी टाकी करावीत. झरा आहे म्हणून स्वस्थ बसू नये. कारण लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात, आणि पाण्याचा खर्च तर त्याच वेळी वाढतो. म्हणून दोनचार टाकी राखीव ठेवावीत आणि त्यांना एरवी हात लावू नये. पुढे केरकचऱ्याचीही व्यवस्था सांगितली आहे. तो गडाखाली टाकू नये. जाळून त्याची राख परसात घालावी आणि घरोघर भाजीपाला करावा. इमारतीचे लाकूड हवे, तर रयतेच्या झाडाला जुलमाने हात लावू नये; मालक राजी असेल तर त्याला पैसे देऊन तोडावे.

हे वाचले तेव्हा मला वाटले, हा नुसता राजनीतीचा ग्रंथ नव्हे. ही एखाद्या चोख कारखान्याच्या देखभाल खात्याची नियमावली आहे. तीन गोष्टी त्यात स्पष्ट आहेत. गरज पडण्याआधी साठा. नेहमीच्या वापराहून वेगळी राखीव शिल्लक. आणि साठ्यावर नेमलेला माणूस. गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस अशी वेगवेगळी माणसे होती. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे. एकाने दडवले तर दुसऱ्याला कळावे, आणि ठरावीक वर्षांनी बदली व्हावी, अशी योजना. एका कमरेला सगळ्या किल्ल्या नाहीत!

आणि या सर्वासाठी पैसा? तोही नेमलेला होता. १६७१-७२ सालच्या एका कागदात गडांच्या बांधकामासाठी एकूण १,७५,००० होन खर्चावयाचे ठरवले आहेत. त्यांत रायगडाला ५०,०००, राजगडाला १०,००० आणि प्रचंडगडाला, म्हणजे तोरण्याला, ५,००० होन आहेत. राजगड तेव्हा काही नवा नव्हता. वीस वर्षांहून जुन्या गडालाही बांधकामाचा वाटा मिळतो, याचा अर्थ बांधले म्हणजे झाले, असे त्या लोकांनी मानले नव्हते.

तथापि गडाचे गोडवे गाऊन मी थांबणार नाही. गड पूर्णपणे स्वयंपूर्ण नव्हता, आणि असूही शकत नव्हता. भात पिकत होते खाली खोऱ्यात. मीठ कोकणातून घाट चढून येत होते. गडाच्या घेऱ्यात रामोशी, महार, कोळी पावसापाण्यात रात्रीचे पहारे देत होते. त्यांची वतने तुटपुंजी आणि त्यांची नावे बखरीत नाहीत. गडाची स्वयंपूर्णता या माणसांच्या खांद्यावर उभी होती. आणि तिने गड अजिंक्यही केला नाही. १७०४ साली औरंगजेबाने स्वतः येऊन राजगड आणि पाठोपाठ तोरणा घेतला. पण हिंदुस्थानच्या बादशहाला एका डोंगरासाठी सुमारे दोन महिने खर्चावे लागले. साठा जय देत नाही. साठा मुदत देतो. आणि ज्याने संप लढवला आहे त्याला मुदतीची किंमत सांगावी लागत नाही.

आता पायथ्याशी उतरू. पुढे हा मुलूख पंतसचिवांकडे आला आणि भोर संस्थान झाले. १८७६-७७ सालचा दुष्काळ आपल्याला ठाऊक आहे. पूर्वेकडचा पुणे जिल्हा होरपळला, आणि दुष्काळी कामांतून नीरेच्या कालव्याला चालना मिळाली. त्या काळातील एक गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत कोपऱ्यात असते, ती मी मध्ये आणतो. सरकारने दुष्काळी कामांवरची मजुरी इतकी घटवली की तिच्यात पोट भरेना. तेव्हा १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली, आणि या पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. युनियन हा शब्द त्या लोकांनी ऐकलेला नव्हता. भुकेला शब्दकोश लागत नाही.

नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. त्याला उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून भोरजवळ भाटघरला वेळवंडी नदीवर धरण बांधले. काम १८८१ मध्ये निघाले आणि पुढच्या दशकात पुरे झाले. त्या जलाशयाला व्हायटिंग या इंजिनियरचे नाव मिळाले. तेही पुरेना, म्हणून त्याच्या खालच्या अंगाला दुसरे, फार मोठे धरण उभे राहिले. ते १९२८ साली पुरे झाले आणि त्याला लॉईड या गव्हर्नरचे नाव दिले गेले. दगड-चुन्याचे बांधकाम, लांबी सुमारे एक मैल, उंची १९० फूट. साठा साडेतेवीस अब्ज घनफूट. तेव्हाच्या जगातील मोठ्या दगडी धरणांत त्याची गणना होती. त्याला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी पातळीला आले की ते पाण्याच्याच जोरावर आपोआप उघडतात. बटण नाही, तार नाही. भर पावसात वीज गेली तरी धरणाला कळत नाही! ज्या इंजिनियरांनी ही योजना केली आणि ज्या गवंड्यांनी व बेलदारांनी ते दगड बसवले, त्यांना कोणीही हात जोडावेत.

परंतु हे पाणी कोणाचे? जमीन भोर संस्थानची, धरण इंग्रज सरकारचे आणि ओलीत खालच्या मुलखाचे. डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचे माळ हिरवे केले. उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसचे केले. १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. कारखाना, कामगारांच्या चाळी आणि ऊस वाहणारी स्वतःची छोटी रेल्वे, असे माळावरचे नवे गाव. दुर्गम जागी उद्योगाने आपली सोय आपण कशी करावी, याचे उदाहरण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवतात, ते रास्तच आहे. पण त्या स्वयंपूर्णतेच्या मुळाशी भाटघरचे पाणी होते, आणि भाटघरच्या तळाशी भोरच्या खोऱ्यातली भातखाचरे. स्वातंत्र्यानंतर ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे वीजघर सुरू झाले ते १९७७ साली. ती वीज राज्याच्या जाळ्यात गेली.

आपण येथे व्याख्याने ऐकत आहोत त्या याच दिवसांत वेळवंडीच्या पात्रात कांबरे गावचे जुने शिवमंदिर पाण्याबाहेर येते. बाकीचा बहुतेक काळ ते जलाशयाच्या पोटात असते. लोक दर्शनाला जातात, छायाचित्रे काढतात. पण देव उघडा पडतो तेव्हा काठावरच्या वाडीचा हंडाही तितकाच लांब गेलेला असतो, इकडे मात्र कॅमेरा वळत नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण कोणा साहित्यिकाने घडवली नसावी. ती अशाच काठावर जन्मली असेल.

माझे बोलणे इंदापूरच्या शेतकऱ्याविरुद्ध नाही. तो दुष्काळात मेला असता, पाण्याने जगला. आणि आपण पुणेकर तरी निराळे कोठे आहोत? पानशेत आणि वरसगाव ही धरणे वेल्ह्याच्याच डोंगरातले पाणी अडवतात आणि ते आपल्या नळाला येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा आंबी आणि मुठेचे नाते पुण्याला एका दिवसात समजले. काम पुरे होण्याआधीच त्यात पाणी साठले होते. एवढी किंमत मोजून शिकलेला धडा हा, की साठा आणि त्याची राखण ही दोन कामे नव्हेत, एकच आहे.

शेजारच्या मुळशीचीही आठवण ठेवली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांना बंगालच्या कोळशावर अवलंबून राहावयाचे नव्हते. टाटांनी घाटाच्या पाण्यावर वीज करण्याचे ठरवले. खोपोलीचे वीजघर १९१५ साली चालू झाले, भिवपुरी १९२२ मध्ये आणि भिरा १९२७ मध्ये. उद्योगाच्या दृष्टीने पाहिले तर स्वयंपूर्णतेचा हा मोठाच पराक्रम. परंतु भिऱ्याच्या विजेसाठी मुळशी खोऱ्यातली पन्नासाच्या आसपास गावे धरणाच्या छायेत आली आणि १९२१ साली सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहाला बसले. ते हरले. त्यांच्यासारख्याच मावळच्या वाड्यांतली माणसे पुढे मुंबईला गिरणीत आणि गोदीत कामाला गेली. गावाला दिवा नाही, आणि गावच्या पाण्याने फिरणाऱ्या मागावर गावचाच माणूस पाळी करतो आहे! एक बाजू स्वयंपूर्ण झाली ती दुसऱ्या बाजूला परावलंबी करून. हिशेबाच्या वहीत दोन्ही बाजू लिहावयाच्या असतात. आपण बहुधा एकच लिहितो.

माझ्या धंद्यातला एक अनुभव येथे सांगतो. कारखान्याचे नाव महत्त्वाचे नाही. आडरानात वसलेला तो कारखाना. स्वतःची विहीर, स्वतःचा पंप, स्वतःचे जनित्र, कामगारांच्या खोल्यांना वीज-पाणी फुकट. पाहुणे येत आणि वाहवा करीत. एकदा बोनसवरून वाद झाला आणि काम बंद पडले. तिसऱ्या दिवशी खोल्यांचे पाणी बंद झाले. यंत्र बिघडले नव्हते. पंप चालवणारा मुलगा आमचाच होता. पण पंपघराला दुसरेच कुलूप लागले होते. बायका मुलांना घेऊन ओढ्यावर गेल्या. चौथ्या दिवशी तडजोड झाली, आणि ती कोणत्या अटींवर झाली हे सांगावयास नको. त्या वसाहतीत सर्व काही होते. फक्त ते राहणाऱ्यांचे नव्हते.

म्हणून आज जेव्हा डोंगरी वस्तीला सोलर बसवा, पाण्याच्या टाक्या बांधा, वीजजाळ्याची वाट पाहू नका, असे म्हटले जाते, तेव्हा मी टाळी वाजवतो आणि लगेच वही काढतो. पुणे जिल्ह्याच्याच डोंगरात दरेवाडी नावाची वस्ती आहे. तेथे तारा पोचल्या नव्हत्या. २०१२ साली सुमारे चाळीस घरांसाठी ९.४ किलोवॅटचे सूर्यविजेचे छोटे केंद्र उभे राहिले. पॅनेले बाहेरून आली, पैसा बाहेरून आला. पण घरोघर मीटर बसले आणि महिन्याची वर्गणी गोळा करण्याचे व हिशेब ठेवण्याचे काम गावकऱ्यांच्याच न्यासाकडे राहिले. ही छोटी बाब वाटेल. मला ती फार मोठी वाटते. बॅटरी काही अमर नसते. पाच-सात वर्षांनी ती बदलावी लागते. त्या दिवसासाठी पहिल्या महिन्यापासून पैसा बाजूला पडत असेल तर दिवा लागतो. नसेल तर पॅनेलवर शेवया वाळत घालतात. अशी पॅनेले मी पुष्कळ पाहिली आहेत.

येथे आज्ञापत्र पुन्हा उपयोगी पडते. गडकऱ्याने पाण्याचा हिशेब वैशाखाचा करावयाचा. सूर्यविजेचा हिशेब आषाढाचा करावयाचा. वेल्ह्याच्या घाटमाथ्यावर आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. चैत्रातले ऊन पाहून केलेली योजना पहिल्याच पावसाळ्यात अंधारात बसते. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, हे जसे तेव्हा, तसेच ऊन आहे म्हणून निश्चिंत राहू नका, हे आता. दवाखान्यातले लसीचे शीतपेटीयंत्र आणि पिण्याच्या पाण्याचा पंप यांच्यासाठी राखीव साठा वेगळा हवा, आणि लग्नाच्या मांडवासाठीसुद्धा त्याला हात लागता कामा नये.

आणि माणसाचे काय? भोर तालुक्यात रायरेश्वराच्या पठारावर जंगमांची वस्ती आहे. वर जाण्यास लोखंडी शिडी आहे. काही वर्षांपूर्वी तेथल्या शेतकऱ्यांनी एका ट्रॅक्टरचे भाग सुटे केले, ते शिडीवरून वर नेले आणि पठारावर पुन्हा जोडले, अशी बातमी आली होती. पुष्कळांना त्यात धाडस दिसले. मला त्यात शिक्षण दिसले. जो यंत्र सुटे करून पुन्हा जोडू शकतो, तो त्या यंत्राचा खरा मालक; बाकीचे पावतीचे मालक. डोंगरात यंत्र बंद पडले की शहरातला मेकॅनिक चार दिवसांनी येतो आणि दोन दिवसांची मजुरी घेऊन जातो. म्हणून वस्तीतल्या दोन मुलांना आणि दोन मुलींना ते काम शिकवणे, आणि त्या कामाचे त्यांना नियमाने वेतन देणे, हा योजनेचा पहिला खर्च असावा, उरलेल्या पैशाचा नव्हे. गडाच्या घेऱ्यातला पहारेकरी जसा तुटपुंज्या वतनावर राबवला गेला, तसा आजचा पंपवाला 'सेवाभाव' म्हणून राबवू नये. फुकटची देखभाल फार दिवस टिकत नाही.

श्रोतेहो, भोर-वेल्ह्याचा इतिहास आपल्याला कौल देतो तो एवढाच. राजगडाचे टाके लहान होते आणि भाटघरचे धरण प्रचंड आहे. पण टाक्याजवळ राहणारा तहानेला नव्हता, कारण साठा, शिल्लक, दुरुस्तीचा पैसा आणि राखणदार ही चारही त्याच्या आवारात होती. धरणाजवळ राहणाऱ्याकडे यांतले एकही नव्हते. आपल्या शहराने या डोंगरांकडून पाणी घेतले आहे आणि आणखी घेणार आहे. त्या पाण्याची किंमत भाषणातल्या कृतज्ञतेने फिटत नाही. जलाशयाच्या काठावरच्या प्रत्येक वाडीला वैशाखापर्यंत पुरेल असे आपले टाके, तेथवर पाणी चढवणारा आपला पंप, तो चालवणारा पगारी माणूस आणि वर्षाचा दुरुस्तीचा पैसा, एवढे त्या पाण्याच्या पट्टीतूनच निघाले पाहिजे. पुढच्या वेळी कोणी आपल्याकडे मते मागावयास येईल आणि डोंगरी गावे स्वयंपूर्ण करू म्हणेल, तेव्हा आपण त्याला नम्रपणे विचारावे, दुरुस्तीचा पैसा कोणत्या खात्यात ठेवला आहे, आणि पंपघराची किल्ली कोणाकडे राहणार आहे?